पद्मजा म्हणाली

शनिवारची सकाळची शाळा सुटली, मुलं गेली, आणि बाहुबली आवटी व त्याची बायको शैला माझ्या वर्गात आले. शैलानं आल्याआल्या दार लोटून घेतलं. त्यांची पद्मजा आपल्या जागेवर बसून खुर्चीच्या पाठीवर डोकं आपटत होती. जोरात नाही, एका लयीत.

"बाई, गुरुवारपर्यंत कळवायचंय त्यांना," बाहुबली म्हणाला. "एकच जागा हाय. आपण घेतली न्हाई तर दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला देतील."

जागा म्हणजे कराडच्या पलीकडच्या एका निवासी संस्थेतली. तिथे अशा मुलींना अठरा वर्षांची होईपर्यंत ठेवून घेत, अंघोळ, जेवण, कपडे स्वतःचे स्वतः करायला शिकवत. पद्मजा तेरा वर्षांची होती. तोंडानं एक शब्दही बोलत नसे. डॉक्टरांच्या कागदावर 'स्वमग्न' असं लिहिलेलं होतं. उंचीनं ती आईच्या बरोबरीला आली होती आणि दार उघडं दिसलं की पळत सुटायची. आमच्या इचलकरंजीत गल्लीगल्लीतून सुताच्या गाठी भरलेले टेम्पो धावत असतात, म्हणून झोपतानाही शैला तिच्या मनगटाला आपल्या पदराची गाठ मारायची. फेब्रुवारीत पोरीनं असाच हिसका दिला आणि शैला पायरीवरून खाली आली. तेव्हापासून शैलाच्या कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता.

"मला काही सांगू नका," शैला नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही पण सांगू नका, बाई. तिला विचारा. तिला बोलता येतंय, मग तिलाच विचारायला नको?"

"विचारा की. मी कुठं नको म्हणतोय," बाहुबली म्हणाला. "फक्त मागल्यासारखं वडा मागितला म्हंजे झालं."

शैला हसली. मीही हसले. महिन्यापूर्वी पद्मजानं 'बटाटावडा हवा' असं लिहिलं होतं. आवट्यांच्या घरात कंदमूळ येत नाही, पाळणारं जैन घर. बाहुबलीनं तेव्हा विचारलं होतं, "बाई, आमच्यात बटाटा शिवत न्हाईत. हिला वड्याची चव कुणी लावली?" कुणाच्या तरी डब्यातला खाल्ला असेल, असं मी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर शैलानं डब्यात कच्च्या केळ्याचे वडे दिले होते.

मी कपाटातून पाटी काढली. पाटी म्हणजे यंत्रच, पण शाळेत सगळे तिला पाटीच म्हणत. पॉलिटेक्निकच्या मुलांनी ते आमच्यासाठी बनवलं होतं. लाकडी चौकट, तिच्यावर मराठी अक्षरांची आणि काना-मात्रांची मोठी बटणं, आणि वर एस.टी. स्टँडवर असते तशी एक काळी पट्टी. बटण दाबलं की पट्टीवर लाल अक्षर उमटायचं. पद्मजाला एकटीला बटण नेमकं दाबता येत नसे, बोट भलतीकडे जायचं. म्हणून मी शेजारी बसून तिच्या मनगटाखाली हात धरायची. आधार फक्त. पुण्याला तीन दिवसांच्या वर्गात आम्हाला हे शिकवलं होतं. मुलाच्या डोक्यात शब्द असतात, हाताला स्थिरपणा नसतो, तेवढा आपण द्यायचा. आणि विश्वास ठेवायचा. मुलाची परीक्षा घ्यायची नाही, ते फार बजावून सांगितलं होतं.

"पद्मजा," मी म्हटलं, "बाबा विचारतात, कराडच्या शाळेत राहायला जायचं का?"

ती खिडकीकडे बघत होती. तिचं बोट हललं. म. ल. मग काना. मी अक्षरं मोठ्यानं वाचत गेले, शैला ओठ हलवत ती जुळवत गेली.

मला आई हवी. पाठवू नका.

शैलानं पदर तोंडावर धरला. बाहुबली बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग उठला, पँट झटकली.

"झालं तर मग," तो म्हणाला. "तीच म्हणती तर." दारात जाऊन परत फिरला. "बाई, तिला सांगा, बाप वाईट न्हाई म्हणून."

"तिला ऐकू येतं, बाहुबली. तुम्हीच सांगा."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिच्या वेणीला लागलेला सुताचा धागा त्यानं काढला आणि तो गेला.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. तेव्हा मला शिकवायला लागून एकोणतीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली बावीस वर्षं मी साध्या शाळेत होते. पुढे या शाळेत आले. इथे मुलाला चपलेत पाय घालायला शिकवायला कधी दीड वर्ष लागायचं. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही. पण पद्मजाचं वेगळं होतं. बाकीच्या मुलांच्या मनगटाला मी हात लावला की नुसती अक्षरांची रास पडायची. पद्मजाची वाक्यं यायची. पहिल्याच महिन्यात 'आई' आलं. शैलाच्या वाढदिवसाला 'आई, माझा तुला राग येतो का, मला तुझा येत नाही' असं आलं. शैलानं एक वही केली होती, तिच्यात ती सगळं तारीख घालून लिहून ठेवी. घरी तिनं कधी मनगट धरून पाहिलं नाही. "तुमच्याच हाताला येतंय ते," असं म्हणायची.

मंगळवारी तहसीन आली. तहसीन मुजावर, वाचा-उपचार शिकून नुकतीच बाहेर पडलेली, चोवीस-पंचवीसची. आठवड्यातून एकदा मिरजेहून यायची. मुलं तिच्या ओढणीला लोंबकळायची.

"मॅडम, एक करू या का?" डबे खाऊन झाल्यावर ती म्हणाली. "रागावू नका पण."

"दोनदा विचारून झालंय तुझं."

"आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, मुलांची परीक्षा घ्यायची नाही. ही तिची परीक्षा नाहीये."

"मग कुणाची?"

ती पिशवी उघडायला लागली. मला वाटलं, एकदा हौस फिटू दे हिची. शनिवारच्या वाक्यामुळे मी जरा भरात होते. मी पाटी काढली.

तहसीननं दोन फायली आणल्या होत्या, आत एकेक चित्र चिकटवलेलं. एक तिनं पद्मजासमोर धरली, एक माझ्यासमोर. मला पद्मजाची फाइल दिसत नव्हती. पद्मजाला माझी दिसत नव्हती.

"पद्मजा, तुला काय दिसलं ते सांग हं," तहसीन म्हणाली.

माझ्या फायलीत चावी होती. मी मनगटाखाली हात धरला. हात स्थिर होता, हे मी कुठेही शपथेवर सांगितलं असतं. पद्मजाचं बोट खाली गेलं. च. काना. व. दुसरी वेलांटी.

"बघ," मी म्हटलं.

तहसीननं पद्मजाची फाइल माझ्याकडे वळवली. तिच्यात केळं होतं.

"पुन्हा कर," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा माझ्याकडे कप होता. पट्टीवर 'कप' आलं. पद्मजाला दाखवली होती बस. तिसऱ्यांदा माझ्या फायलीत नुसता कोरा कागद होता. तेव्हा पद्मजाचं बोट अ वर गेलं, पुन्हा अ वर गेलं, मग ळ वर जाऊन तिथेच राहिलं. तहसीननं फाइल वळवली नाही. मीही मागितली नाही.

पद्मजा खिडकीकडे बघत होती. ती पहिल्यापासून तिकडेच बघत होती. चार वर्षांत ती पाटीकडे किती वेळा बघत असते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी पट्टीकडे बघायची, ती नाही.

"मी ढकलत नव्हते, तहसीन."

"माहितीये, मॅडम. कुणालाच कळत नाही आपला हात चाललाय ते. म्हणून तर असं करून बघतात."

"वडा," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. मला आवडतो."

तिनं फायली पिशवीत घातल्या. मी नेहमीप्रमाणे ओल्या फडक्यानं बटणं पुसून घेतली. मग तिला शनिवारचं सांगितलं. गुरुवारपर्यंत संस्थेला कळवायचंय, हेही सांगितलं.

"मग 'पाठवू नका' कुणाचं?" तहसीननं विचारलं.

संस्था मी पाहून आले होते. स्वच्छ होती. मुलींच्या नावाच्या खुंट्या होत्या, त्यांच्यावर त्यांचे टॉवेल होते. तिथे न पाठवण्यासारखं काही नव्हतं. फक्त पद्मजा गेली असती.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" तहसीन म्हणाली.

"मी."

"नुसतं सांगून पटायचं नाही त्यांना. पाटी घेऊन जा. करून दाखवा."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण काढलं: रंग ओळखणे, लाल आणि पिवळा. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. दात काढल्यावर आपलाच गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी होतं. मी वेळेवर झोपले.

बुधवारी सकाळी रजा टाकून, पाटी मांडीवर घेऊन रिक्षानं आवट्यांकडे गेले. बाहुबली यंत्रमागांवर जॉबर होता, मागांची दुरुस्ती बघायचा, त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला, त्यामुळे घरीच होता. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खडखड भिंतीतून येत होती. शैला सोप्यात, धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायच्या मशीनपाशी बसली होती आणि पद्मजा तिच्या पाठीमागे जमिनीवर, हातात एक कांडी घेऊन ती बोटांत फिरवत होती. तिच्या पायाला लांब दोरी होती, दुसरं टोक खांबाला.

"आग्गं बाई, तुम्ही?" शैला पट्ट्यावर हात ठेवून उठली. "अहो, चटई टाका. पाटी पण आणलीय! पद्मू, बघ कोण आलंय."

"शैला, चहा नको. आधी ऐका."

मी सांगितलं. जसं घडलं तसं, चावीपासून. सांगताना माझा आवाज वर्गात सूचना देताना असतो तसा होता. शैलाचा चेहरा ऐकता ऐकता हसराच राहिला होता, बदलायचा राहून गेल्यासारखा.

"ती नवीन पोरगी आहे," ती म्हणाली. "तिच्यासमोर पद्मू बुजली असंल."

"मग तुम्ही बघा. मी बाहेर थांबते. तुम्ही पद्मजाला घरातली कुठलीही वस्तू दाखवा. तिच्या हातात द्या, हवं तर. मग मला बोलवा."

मी अंगणात उभी राहिले. नळापाशी वाटी उपडी घातलेली होती. बाहुबलीनं दारातून "या" म्हटलं.

मी बसले. मनगटाखाली हात धरला. या खेपेला मी फार जपून धरला, तरी अक्षरं आली. व. काना. ट. दुसरी वेलांटी.

"वाटी," मी वाचलं.

शैलानं पदराआडून हात पुढे केला. हातात कांडी होती. दिवसभर पद्मजाच्या बोटांत असायची तीच.

पद्मजानं ती तिच्या हातातून काढून घेतली. मागांची खडखड चालू होती. मग शैलानं विचारायला सुरुवात केली.

"ते वाढदिवसाचं?"

"मी."

"पारव्याचं? 'पारवा माझ्याशी बोलतो' म्हणून लिहिलं होतं ते?"

"ते पण मी."

"मी पडले तेव्हा 'आई दुखतंय का' लिहिलं होतं."

"मला तुमच्या पट्ट्याकडे बघून वाटलं होतं तसं. शैला, सगळीच माझी आहेत."

"सगळ्यात पहिलं. आई."

मी मान हलवली. शैलाला मान कुठल्या बाजूनं हलली ते कळलं नसावं, म्हणून मी बोलून सांगितलं. "ते पण."

"शैला, ऱ्हाऊ दे आता," बाहुबली म्हणाला.

"तुम्ही गप बसा. मग शनिवारचं? पाठवू नका, ते?"

"मला ती जायला नको होती," मी म्हटलं. "ती जायला नको होती, एवढंच. तुमच्या पोरीला काय हवंय, मला माहीत नाही. इतके दिवस माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही तुमच्या मतानं ठरवा. तुमच्या दोघांच्या."

"आमच्या मतानं," शैला म्हणाली.

"हो."

"आई आपल्या मतानं पोरीला पाठवून देती. होय?" ती माझ्याकडे नाही, पाटीकडे बघत होती. "तसं कसं जमंल, बाई? उद्या कुणी विचारलं, काय सांगू? कंबर दुखत होती म्हणून टाकली?"

"टाकली कोण म्हणतंय," बाहुबली म्हणाला.

"मी म्हणतीय." ती दोन्ही हात जमिनीवर टेकून माझ्याजवळ सरकली. "उठा, बाई. सरका जरा."

मी सरकले. शैला पद्मजाच्या शेजारी, माझ्या जागेवर बसली. तिनं पोरीचं मनगट आपल्या तळहातावर घेतलं. पहिल्यांदाच घेत होती, तरी बरोबर घेतलं, अंगठा बाजूला ठेवून. चार वर्षं समोर बसून बघितलं होतं तिनं. पद्मजानं दुसऱ्या हातातली कांडी फिरवायची थांबवली नाही.

"पद्मू," शैला म्हणाली, "कराडला ऱ्हायला जातीस का गं? का आईजवळ ऱ्हातीस?"

बोट बराच वेळ नुसतं बटणांवर तरंगत राहिलं. शैलाचे डोळे पट्टीवर होते. बोट खाली गेलं. ज. काना. मग इतका वेळ गेला की संपलं असं मला वाटलं. त. मात्रा.

जाते.

मी पद्मजाकडे पाहिलं. ती उघड्या दाराकडे बघत होती. मी शैलाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि तिनं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"बघा," ती हळू म्हणाली. "आता तर तुम्ही धरलं नव्हतं ना?"

"नाही."

"मी पण काही केलं नाही, बाई. हात नुसता खाली होता."

आता मी बोलायला हवं होतं. बोलायला म्हणूनच आले होते, त्यासाठी रजा टाकली होती. तुमच्या हातानं लिहिलं हे, शैला, माझ्या हातानं लिहिलं तसंच. वाक्य तयार होतं. शैला माझ्या तोंडाकडे बघत होती. मुलं चुकीचं उत्तर सांगून झाल्यावर बघतात तशी नाही. उत्तर बरोबर आहे हे माहीत असताना बघतात तशी.

बाहुबली खांबाला टेकून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्याला सगळं कळलं होतं, हेही मला दिसलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग आत गेला. येताना त्याच्या हातात संस्थेचा फॉर्म होता, चौघडी घातलेला.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय," तो म्हणाला. "तुम्हीच भरून देता का? मी आज फोनवर कळवतो आणि हा टपालात टाकतो."

मी पर्समधून पेन काढलं. नाव, जन्मतारीख, वजन, आजारपणं. शैला एकेक सांगत गेली, आवाज अगदी साधा, रेशन दुकानात सांगावं तसा. पद्मजाला काय आवडतं या रकान्यात तिनं 'कांडी' घालायला लावलं. मधेच बाहुबलीनं उभ्या उभ्या एक घालायला लावलं, 'दार उघडं ठेवू नये'. मग शेवटी एक ओळ होती, मी ती मनात वाचून पुढे गेले असते, पण शैलाचं बोट तिच्यावर आलं.

"हे काय लिहिलंय?"

"मुलीची इच्छा विचारली होती काय," मी वाचलं. "असल्यास, तिच्या शब्दांत लिहावे."

"लिहा की मग."

"काय लिहू, शैला?"

"ती काय म्हणाली तेच," शैला म्हणाली. "जाते. एवढंच. जास्तीचं काही नको."

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि बाहुबलीकडे दिला.